वाचकाच्या खासगीपणाचे राखणदार : सार्वजनिक ग्रंथालये

ग्रंथालय कायद्याचा देशातील पहिला मान कोल्हापूर संस्थानाकडे जातो. पुस्तक वाचकापर्यंत पोहोचविणे हे त्या काळातील आव्हान होते. आजचे आव्हान वेगळे आहे. वाचक काय वाचतो, काय शोधतो, याची नोंद कोणाच्या हाती जाते, हा आजचा प्रश्न आहे.

कोल्हापूरहून पुणे-बंगळूर महामार्गाने कर्नाटकाच्या दिशेने निघाले, की कागलजवळ पंचतारांकित औद्योगिक वसाहत लागते. कागल आणि हातकणंगले या दोन तालुक्यांच्या हद्दीत पसरलेल्या या वसाहतीत इंजिनांपासून उंची कापडापर्यंत नाना प्रकारचे उत्पादन होते. कसबा सांगाव, तळंदगे अशा आसपासच्या गावांतून, सीमेपलीकडच्या निपाणी परिसरातून आणि थेट परराज्यांतूनही कामगार येथे येतात. पाळी सुटल्यावर प्रवेशद्वारातून बाहेर पडणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या हाती मोबाइल असतो. पगार त्यावर कळतो, कर्ज त्यावर मिळते, नोकरीचा अर्ज त्यावरून जातो, आजाराची माहितीही त्यावरच शोधली जाते. पुस्तके आणि वर्तमानपत्रे यांच्या जोडीला वाचनाचे हे नवे साधन आले आहे. फरक इतकाच, की हे साधन वाचकालाही वाचत असते.

कोणता मजकूर किती वेळ पाहिला, कोणता शब्द शोधला, कोणत्या गावातून शोधला, हे सारे कोठे तरी नोंदले जाते. अशा वेळी सामान्य माणसाला मोफत किंवा अल्प वर्गणीत, कोणताही माल विकण्याचा हेतू न ठेवता मार्गदर्शन करू शकेल अशी संस्था शोधू लागल्यास सार्वजनिक ग्रंथालयाखेरीज दुसरे नाव चटकन सुचत नाही. वाचकाचा खासगीपणा जपणे आणि त्याचे विचारस्वातंत्र्य अबाधित ठेवणे ही ग्रंथालयांची जबाबदारी जगभर मानली गेली आहे. महाराष्ट्रातील ग्रंथालयांना ती कशी पार पाडता येईल, याचा हा आढावा.

कोल्हापूरची परंपरा

कोल्हापुरातील करवीर नगर वाचन मंदिराची स्थापना १८५० सालची. ग्रंथालय ही सार्वजनिक गरज आहे, ही जाणीव या भागात तेव्हापासून रुजलेली आहे. १९४५ मध्ये कोल्हापूर संस्थानाने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. भारतातील तो पहिला ग्रंथालय कायदा मानला जातो. स्वतंत्र भारतातील पहिला कायदा मद्रासने १९४८ मध्ये केला. १९४९ मध्ये कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि पुढे महाराष्ट्र राज्याने १९६७ मध्ये स्वतःचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा संमत केला. त्यानुसार मान्यता मिळालेली हजारो ग्रंथालये आज ‘अ’, ‘ब’, ‘क’ आणि ‘ड’ अशा वर्गांत विभागलेली असून शासकीय अनुदानावर चालतात.

या परंपरेला विचारस्वातंत्र्याचीही बाजू आहे. कागलच्या घाटगे घराण्यात १८७४ मध्ये जन्मलेल्या राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा निर्णय घेतला. ज्यांना पिढ्यान्पिढ्या अक्षर नाकारले गेले होते त्यांच्या हाती त्यामुळे पुस्तक येऊ शकले. १९२० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ सुरू केले तेव्हा शाहू महाराजांनी त्यास आर्थिक साहाय्य केले. त्याच वर्षी मार्चमध्ये माणगाव येथे झालेल्या परिषदेस ते स्वतः उपस्थित राहिले. हे माणगाव तेव्हा कागल जहागिरीत होते. ज्या विचारांना प्रस्थापित व्यासपीठ मिळत नव्हते त्यांना ते मिळवून देणे, हा या भूमीचा वारसा आहे.

नोंद पुसणारी जुनी पद्धत

ग्रंथालयाच्या देवघेव विभागात संगणक येण्यापूर्वी पुस्तके कशी दिली जात, हे समजून घेणे येथे उपयुक्त ठरते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील ग्रंथपाल नीना ब्राऊन यांनी एक पद्धत रूढ केली. ती ‘ब्राऊन पद्धत’ म्हणून ओळखली जाते आणि भारतातील अनेक ग्रंथालयांनीही ती स्वीकारली. या पद्धतीत प्रत्येक पुस्तकात एक कार्ड असते आणि प्रत्येक सभासदाकडे खिशासारखे तिकीट असते. पुस्तक नेताना त्यातील कार्ड सभासदाच्या तिकिटात सरकवून ग्रंथालयात ठेवले जाते. पुस्तक परत आले की कार्ड पुस्तकात जाते आणि तिकीट सभासदाच्या हाती. कोणी कोणते पुस्तक नेले होते, याचा पुरावा त्या क्षणी नाहीसा होतो.

दुसरी प्रसिद्ध पद्धत न्यूआर्कची. तीत पुस्तकाच्या कार्डावर सभासदाचा क्रमांक आणि तारीख लिहिली जात असे. ती नोंद कार्ड भरेपर्यंत तशीच राहात असे. वाचनालयात घातलेल्या मोठ्या नोंदवहीचेही तेच. पुस्तक परत आल्यावर ओळ खोडली जाई, परंतु खोडलेल्या ओळीखालचे नाव वाचता येत असे.

या दोन पद्धतींतील फरक आज पुन्हा महत्त्वाचा झाला आहे. ब्राऊन पद्धतीत विसरणे हा व्यवस्थेचा स्वभाव होता. संगणकाचा स्वभाव नेमका उलटा आहे. त्याला विसरण्यास मुद्दाम सांगावे लागते. कोणी सांगितले नाही तर एखाद्या सभासदाने वीस वर्षांत नेलेल्या प्रत्येक पुस्तकाची यादी एका कळीवर मिळू शकते. त्या यादीतून त्या माणसाचा आजार, कौटुंबिक अडचण, श्रद्धा, राजकीय कल आणि कुतूहल, सारे काही ताडता येते.

ग्रंथालयांत वापरल्या जाणाऱ्या ‘कोहा’ या खुल्या संगणक प्रणालीत यावर उपाय आहे. पुस्तक परत येताच त्या व्यवहारातून वाचकाचे नाव वगळावे, ठरावीक काळ ठेवावे किंवा कायम ठेवावे, असे पर्याय तीत सभासदांच्या वर्गवारीनुसार ठरविता येतात. जुन्या व्यवहारांतील नावे एकगठ्ठा काढून टाकण्याचीही सोय आहे. पुस्तक किती वेळा गेले, ही संख्या त्याने बिघडत नाही. अहवालासाठी आणि नव्या खरेदीसाठी तेवढी संख्या पुरेशी असते. ‘ई-ग्रंथालय’ किंवा अन्य प्रणाली वापरणाऱ्यांनीही आपल्या प्रणालीत काय साठते आणि ते कधी पुसले जाते, हा प्रश्न पुरवठादारास विचारला पाहिजे. सोय आहे, परंतु ती चालू करावी लागते. चालू करण्याचा निर्णय ग्रंथपालाचा आणि कार्यकारी मंडळाचा.

नावे उघड झाली तर काय होते?

वाचकाचे किंवा अभ्यासकाचे नाव गुप्त ठेवण्याचा हा आग्रह पाश्चात्त्य देशांतून आणलेली चैन आहे, असे वाटण्याचा संभव आहे. महाराष्ट्राचा अनुभव मात्र तसे सांगत नाही. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्यातील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर जमावाने हल्ला केला. संस्थेतील ग्रंथ आणि दुर्मीळ सामग्रीची नासधूस झाली. जेम्स लेन या अमेरिकी अभ्यासकाच्या शिवाजी महाराजांवरील पुस्तकातील मजकुरावरून संताप उसळला होता. संस्थेने ते पुस्तक लिहिले नव्हते आणि प्रसिद्धही केले नव्हते. लेखकाने आपल्या ऋणनिर्देशात संस्थेशी संबंधित अभ्यासकांचे आभार मानले होते, एवढाच तो संबंध. एखाद्या अभ्यासकाला ग्रंथ उपलब्ध करून देणे म्हणजे त्याच्या प्रत्येक विधानाची जबाबदारी घेणे, असा अर्थ जमावाने लावला.

त्या पुस्तकावर राज्य शासनाने घातलेली बंदी मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये रद्द केली आणि जुलै २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. ग्रंथपालांच्या दृष्टीने या प्रकरणातील धडा व्यावहारिक आहे. पुस्तक जप्त करण्याचा अधिकार शासनाला आहे. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ९५ खाली होता, आता तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९८ मध्ये आहे. परंतु त्यासाठी कारणे देऊन अधिसूचना काढावी लागते आणि तिला उच्च न्यायालयात आव्हान देता येते. एखाद्या संघटनेचे पत्र, दूरध्वनीवरील दम किंवा स्थानिक पुढाऱ्याची तोंडी सूचना म्हणजे बंदी नव्हे.

कोल्हापूरने याहून दारुण किंमत मोजली आहे. ‘शिवाजी कोण होता?’ या पुस्तिकेचे लेखक, ज्येष्ठ नेते आणि वकील गोविंद पानसरे यांच्यावर १६ फेब्रुवारी २०१५ रोजी कोल्हापुरात गोळ्या झाडण्यात आल्या आणि चार दिवसांनी त्यांचे निधन झाले. लेखकाला संरक्षण देणे हे पोलिसांचे काम आहे, ग्रंथालयाचे नव्हे. मात्र त्याचे आणि त्याच्या विरोधकांचेही पुस्तक कपाटात शेजारी शेजारी ठेवणे आणि कोणी कोणते नेले याची वाच्यता न करणे, एवढे ग्रंथालयाच्या हातात निश्चित आहे.

पुस्तक जवळ असणे हाच संशयाचा आधार ठरू शकतो काय, हा प्रश्नही न्यायालयांपुढे आला आहे. २८ जुलै २०२३ रोजी भीमा कोरेगाव प्रकरणातील दोन आरोपींना जामीन देताना सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की हिंसेचा पुरस्कार करणारे साहित्यसुद्धा केवळ बाळगणे हा दहशतवादविरोधी कायद्याखालील त्या प्रकरणांतील गुन्हा ठरत नाही. हा निर्वाळा मिळेपर्यंत आरोपींचा तुरुंगवास अनेक वर्षांचा झाला होता. वाचनाची यादी किती सहजपणे माणसाविरुद्ध वापरली जाऊ शकते, हे यावरून ध्यानात येते.

कायदा काय सांगतो?

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय एकमताने दिला. त्याआधी, २४ मार्च २०१५ रोजी, माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ‘६६ अ’ न्यायालयाने घटनाबाह्य ठरविले होते. त्या याचिकेमागे महाराष्ट्रातीलच घटना होती. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर येथे फेसबुकवरील मजकुरावरून दोन तरुणींना अटक झाली होती. एकीने मत लिहिले होते आणि दुसरीने त्याला केवळ पसंती दर्शविली होती.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यासाठी त्यात १८ महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. माहिती कशासाठी घेतली जाते हे स्पष्ट सांगणे, त्याच कारणासाठी वापरणे, गरज संपल्यावर पुसणे आणि ती सुरक्षित ठेवणे, ही या कायद्याची सूत्रे आहेत. अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणी करता येण्याजोगी संमती आवश्यक आहे. कायदा संगणकीकृत माहितीला लागू होतो. कागदी नोंदवही त्यात येत नाही, पण तीच नोंदवही संगणकावर चढविली की येते. शासकीय यंत्रणांना या कायद्यात दिलेल्या सवलती मोठ्या आहेत, अशी टीकाही झाली आहे. त्यामुळे केवळ कायद्यावर विसंबून चालणार नाही.

सभासदत्वासाठी आधार कार्डाची छायाप्रत घेण्याची सवय हे नित्याचे उदाहरण. २६ सप्टेंबर २०१८ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने खासगी संस्थांना आधारचा वापर करू देणारी तरतूद रद्द केली. ग्रंथालयाला सभासदाचा पत्ता खरा आहे एवढेच पाहायचे असते. वीजबिल पाहून परत देता येते. आधारच दाखवायचे असेल तर पहिले आठ अंक झाकलेली प्रत चालू शकते. फायलीत वर्षानुवर्षे पडून राहणाऱ्या छायाप्रतींचा ग्रंथालयाला उपयोग शून्य, चोराला मात्र पुष्कळ.

सुरक्षेची दुसरी बाजू

खुल्या इंटरनेट सेवेचा गैरवापर होऊ शकतो, हा आक्षेप खोटा नाही. २००८ मध्ये अहमदाबादेतील बॉम्बस्फोटांच्या वेळी पाठविलेला ई-मेल नवी मुंबईतील एका घराच्या असुरक्षित वाय-फाय जोडणीवरून गेल्याचे उघड झाले. त्यानंतरचा आणखी एक ई-मेल माटुंग्यातील एका महाविद्यालयाच्या जोडणीवरून गेला. यानंतर दूरसंचार विभागाने २००९ मध्ये वाय-फाय जोडण्या सुरक्षित करण्याचे आदेश दिले. २०११ च्या सायबर कॅफे नियमांनुसार कॅफेचालकाने ग्राहकाची ओळख पटवून घेणे आणि वापराच्या नोंदी एक वर्ष जपणे बंधनकारक झाले.

हे नियम व्यवसाय म्हणून इंटरनेट पुरविणाऱ्यांसाठी आहेत. वर्गणीवर चालणारे ग्रंथालय त्यांच्या कक्षेत येते की नाही, याविषयी ग्रंथालयांनी संदिग्धतेत राहण्यापेक्षा ग्रंथालय संचालनालयाकडून लेखी खुलासा मागविणे श्रेयस्कर. परंतु एक भेद नेहमी लक्षात ठेवावा. कोणत्या वेळी कोणता सभासद संगणकावर बसला, ही जोडणीची नोंद झाली. त्याने काय वाचले, ही वाचनाची नोंद झाली. पहिली कायद्याने मागितल्यास मर्यादित काळ ठेवावी लागेल. दुसरी ग्रंथालयाने स्वतःहून गोळा करण्याचे काहीच कारण नाही. वाय-फायला परवलीचा शब्द ठेवणे, तो नियमित बदलणे आणि सभासदांपुरताच देणे, यात सुरक्षाही साधते आणि खासगीपणालाही धक्का लागत नाही.

जगातील दाखले

अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या १९३९ च्या आचारसंहितेत वाचकाची खासगी माहिती गुप्त ठेवणे हे ग्रंथपालाचे कर्तव्य म्हणून नोंदविले गेले. त्याची कसोटी २००१ नंतर लागली. दहशतवादी हल्ल्यांनंतर केलेल्या ‘पेट्रियट’ कायद्याने तपास यंत्रणांचे अधिकार वाढविले. २००५ मध्ये कनेक्टिकट राज्यातील ग्रंथालयांच्या एका संघाकडे संगणक वापराची माहिती मागण्यात आली आणि त्याविषयी कोणाशीही न बोलण्याचे बंधन घालण्यात आले. चार ग्रंथपालांनी त्यास न्यायालयात आव्हान दिले. २००६ मध्ये सरकारने बोलण्यावरील बंधन आणि नंतर मागणीही मागे घेतली.

२०१५ मध्ये न्यू हॅम्पशायर राज्यातील लेबनन गावच्या किल्टन ग्रंथालयाने इंटरनेटवरील ओळख झाकणाऱ्या ‘टॉर’ जाळ्यासाठी आपली जोडणी देऊ केली. सुरक्षा यंत्रणांकडून चिंता व्यक्त झाल्यावर ती थांबविण्यात आली. मग गावकऱ्यांच्या उपस्थितीत विश्वस्तांची सभा झाली आणि सेवा पुन्हा सुरू करण्याचा निर्णय झाला. प्रत्येक ग्रंथालयाने असा प्रयोग करावा असे नाही. प्रश्न उघड सभेत चर्चिला गेला, हे अनुकरणीय.

धोका केवळ सरकारकडूनच असतो असेही नाही. २००९ मध्ये ‘अ‍ॅमेझॉन’ने वाचकांनी विकत घेतलेल्या जॉर्ज ऑर्वेल यांच्या ‘१९८४’ या कादंबरीच्या काही प्रती हक्कांच्या वादामुळे त्यांच्या यंत्रांतून परस्पर काढून टाकल्या. सरकारी पाळतीवरचीच ती कादंबरी असल्याने या योगायोगाची जगभर चर्चा झाली. २०१४ मध्ये ‘अ‍ॅडोबी’चे ई-पुस्तक वाचनाचे सॉफ्टवेअर वाचकाचे वाचनतपशील उघड्या स्वरूपात कंपनीकडे पाठवीत असल्याचे आढळले. ऑक्टोबर २०२३ मध्ये लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीवर खंडणीखोरांनी संगणकी हल्ला केला. खंडणी न मिळाल्याने सुमारे सहाशे गिगाबाइट माहिती उघड करण्यात आली आणि सेवा अनेक महिने विस्कळीत झाल्या. एवढ्या बलाढ्य संस्थेची ही गत, तर तालुक्याच्या वाचनालयाने धडा घ्यावा तो हाच, की जी माहिती साठविलीच नाही ती चोरीलाही जात नाही.

कागलच्या कामगाराला काय शिकवावे?

ग्रंथालयाने घेतलेला वर्ग म्हणजे संगणक अभ्यासक्रम नव्हे. दीड-दोन तासांची, पाळीच्या वेळा सांभाळून घेतलेली, मराठीतून आणि गरजेप्रमाणे हिंदी-कन्नडमधूनही होणारी बैठक पुरेशी आहे. तिचे विषय कामगारांच्या जगण्यातून यावेत.

पहिला विषय कर्ज देणाऱ्या मोबाइल अ‍ॅपचा. तातडीच्या गरजेपोटी घेतलेल्या छोट्या कर्जाबरोबर संपर्कयादी आणि छायाचित्रे पाहण्याची परवानगी दिली जाते आणि वसुलीच्या वेळी नातेवाइकांना फोन जाऊ लागतात. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत अशा अ‍ॅपनी संपर्कयादी, फायली आणि कॉलच्या नोंदी पाहू नयेत, असे बजावले आहे. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रत्येक अ‍ॅपला कोणती परवानगी दिली आहे हे पाहणे आणि नको ती काढून घेणे, हा धडा पंधरा मिनिटांत शिकविता येतो. शिकणाऱ्याच्या स्वतःच्या फोनवर तो करून घ्यावा.

दुसरा विषय ‘गुप्त’ खिडकीविषयीच्या गैरसमजाचा. ब्राउझरमधील खासगी खिडकी त्याच यंत्रावर नंतर बसणाऱ्यापासून इतिहास लपविते. कारखान्याचे वाय-फाय चालविणारा, इंटरनेट कंपनी किंवा भेट दिलेले संकेतस्थळ यांच्यापासून ती काहीही लपवीत नाही. मालकाच्या जोडणीवरून कामगार संघटनेची माहिती किंवा दुसऱ्या नोकरीची जाहिरात पाहणाऱ्यास हा भेद ठाऊक असणे गरजेचे आहे.

तिसरा विषय परवलीच्या शब्दाचा. मुलाचे नाव आणि जन्मसाल यांऐवजी एकमेकांशी संबंध नसलेल्या चार-पाच शब्दांची ओळ लक्षात ठेवण्यास सोपी आणि फोडण्यास अवघड असते. बँक आणि ई-मेल यांसाठी एकच परवलीचा शब्द वापरू नये, दुहेरी पडताळणी चालू ठेवावी, ओटीपी कोणालाही सांगू नये. फसवणूक झालीच तर १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी. पहिल्या तासाभरात केलेल्या तक्रारीने रक्कम अडविण्याची शक्यता वाढते.

चौथा विषय अधिक नाजूक. जून २०२३ मध्ये समाजमाध्यमांवरील ‘स्टेटस’वरून कोल्हापुरात तणाव निर्माण झाला, ७ जून रोजी दगडफेक झाली आणि जिल्ह्यातील इंटरनेट सेवा बंद ठेवावी लागली. आलेला मजकूर पुढे पाठविण्यापूर्वी तो कोठून आला, छायाचित्र जुने आहे का, इतर कोणी दुजोरा दिला आहे का, हे तपासण्याची रीत ग्रंथालयाइतकी चांगली कोण शिकविणार? संदर्भ तपासणे हा तर ग्रंथपालाचा पिढीजात व्यवसाय. येथे ग्रंथालयाने कोणत्याही पक्षाची बाजू घेऊ नये. तपासण्याची पद्धत शिकवावी, निष्कर्ष वाचकावर सोडावा.

स्त्रियांसाठी स्वतंत्र बैठक घेणे अगत्याचे आहे. अनेक घरांत फोन एकच असतो आणि त्याचे कुलूप पतीला किंवा मुलाला ठाऊक असते. आरोग्य, कायदा किंवा कौटुंबिक छळ यांविषयी माहिती शोधणाऱ्या स्त्रीला ग्रंथालयातील संगणक हीच एकमेव सुरक्षित जागा असू शकते. तिच्या पडद्याकडे मागून कोणी पाहू शकणार नाही, अशी टेबलाची मांडणी करण्यास अनुदान लागत नाही.

ग्रंथालयाने आपल्या घरात काय करावे?

इतरांना शिकविण्यापूर्वी ग्रंथालयाने स्वतःचे घर आवरावे. त्यासाठी पुढील गोष्टी कार्यकारी मंडळाच्या एका सभेत ठरावाने करता येण्याजोग्या आहेत.

१. सभासद अर्जातील प्रत्येक रकान्यापुढे ‘हे कशासाठी?’ असा प्रश्न विचारावा. उत्तर नसलेले रकाने काढून टाकावेत.

२. पुस्तक परत आल्यावर आणि दंड भरल्यावर देवघेवीतील वाचकाचे नाव किती दिवसांत वगळायचे, हे लेखी ठरवावे आणि तसा फलक लावावा.

३. वाचकांच्या संगणकावर प्रत्येक सत्र संपताच इतिहास, उतरवून घेतलेल्या फायली आणि उघडी खाती आपोआप पुसली जातील अशी व्यवस्था करावी.

४. सीसीटीव्ही दरवाजा आणि कपाटांकडे रोखलेला असावा, वाचकाच्या पानाकडे किंवा पडद्याकडे नव्हे. चित्रण किती दिवस ठेवायचे तेही ठरवावे.

५. थकबाकीदारांची यादी फलकावर लावताना पुस्तकांची नावे लिहू नयेत. स्मरणपत्र पोस्टकार्डाऐवजी बंद पाकिटातून किंवा संदेशातून पाठवावे.

६. वडील, पती, शिक्षक किंवा मालक यांनी विचारले तरी दुसऱ्या प्रौढ सभासदाचे वाचन सांगू नये. लहान गावात ही गोष्ट सर्वांत अवघड आहे, कारण विचारणारा ओळखीचा असतो.

७. पोलिसांनी माहिती मागितल्यास नम्रपणे लेखी आदेश मागावा आणि तो अध्यक्ष किंवा सचिवांकडे सोपवावा. कागदपत्रे हजर करण्याविषयीची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ मध्ये आहे. जेवढे मागितले तेवढेच द्यावे. आदेश आल्यानंतर मात्र कोणतीही नोंद नष्ट करू नये. नियमितपणे, ठरलेल्या धोरणानुसार पुसणे वेगळे आणि आदेश हाती आल्यावर पुसणे वेगळे.

८. एखाद्या पुस्तकाविषयी तक्रार आल्यास ती लेखी घ्यावी. तक्रारदाराने पुस्तक वाचले आहे का, हे विचारावे. निर्णय समितीने द्यावा आणि तोपर्यंत पुस्तक कपाटातच राहावे.

अडचणी आणि अपेक्षा

यात अडचणी नाहीत असे नाही. ‘क’ आणि ‘ड’ वर्गातील अनेक वाचनालये एकाच कर्मचाऱ्यावर चालतात. अनुदान अपुरे असते आणि वेळेवर मिळतेच असे नाही. संगणक असला तरी तो दुरुस्त करणारा शहरातून यावा लागतो. या परिस्थितीत खासगीपणाचे धोरण ही दूरची गोष्ट वाटते. परंतु वर सांगितलेल्या आठ गोष्टींपैकी बहुतेकांना पैसा लागत नाही, निश्चय लागतो. ज्या वाचनालयात अद्याप संगणक नाही ते या बाबतीत उलट सुदैवी आहे. कार्ड आणि तिकिटाची जुनी पद्धत त्याने सोडली नसेल, तर वाचकाचे गुपित तेथे आजही सुरक्षित आहे. उद्या संगणक घेताना तोच गुण त्यात मागून घ्यावा.

प्रशिक्षणासाठी जिल्ह्यातच साधने आहेत. शिवाजी विद्यापीठाचे बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय, ग्रंथालयशास्त्राचे विद्यार्थी, जिल्हा ग्रंथालय संघटना आणि औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांचे माहिती तंत्रज्ञान विभाग यांनी एकत्र येऊन गावोगावच्या ग्रंथपालांसाठी वर्षातून एक-दोन कार्यशाळा घेणे अशक्य नाही. कारखान्यांनी आपल्या सामाजिक दायित्वाच्या निधीतून वसाहतीलगतच्या वाचनालयांना संगणक द्यावेत. मात्र त्या संगणकावर कामगार काय पाहतो, हे जाणून घेण्याची अट त्यासोबत नसावी.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांत प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे, असे सूत्र आहे. आपण हे पुस्तक घेतले तर कोणी तरी नोंद करील, या भीतीने वाचकाने हात मागे घेतला, तर ते पुस्तक त्याला मिळाले असे म्हणता येणार नाही. १९४५ मध्ये कोल्हापूरने ग्रंथालयाला कायद्याचे अधिष्ठान दिले, तेव्हा देशात तसा दुसरा कायदा नव्हता. वाचकाच्या खासगीपणाचे लेखी धोरण करण्याची सुरुवातही याच जिल्ह्यातील एखाद्या वाचनालयाने केली, तर ती त्या परंपरेला साजेशीच ठरेल.